खळ्यावरची सही

यंदाही ज्वारीच्या मळणीचे दिवस आले, पण खळी काही आली नाहीत. रस्त्यापलीकडच्या वावरात सकाळपासून मळणीयंत्र धडधडतं आहे. त्याचा भुसा वाऱ्यावर उडत येतो आणि माझ्या ओसरीवर, चष्म्यावर, समोर उघडून ठेवलेल्या वहीवर बसतो. मी फुंकर मारते, तो पुन्हा बसतो. वही आमच्या डोणगावच्या वाचनालयाची, ठरावांची आहे. तिच्यातला एक ठराव सहीसाठी थांबला आहे आणि सही माझी हवी आहे, कारण या वाचनालयाची अध्यक्ष मी आहे. ठराव मला साफ नामंजूर आहे. गेल्या महिन्यात मी तो परत पाठवला होता. काल मंडळानं तो पुन्हा मंजूर केला आणि वर नमस्कार सांगून माझ्याकडे धाडला.

ठराव साधा आहे. बापूसाहेबांच्या जुन्या खोलीतून वाचनालय हलवायचं आणि एस. टी. स्टँडजवळच्या नव्या सभागृहात न्यायचं. तिथे उजेड आहे, पंखे आहेत, मुलींना यायला रस्ता चांगला आहे. सगळं खरं. पण त्या जुन्या खोलीच्या उंबऱ्यात माझा जीव अडकला आहे आणि तो का अडकला हे ठरावाच्या कागदावर कुठे मावणार? वही मिटून कपाटात टाकावी आणि चार-सहा महिने विसरून जावं, असं कालपासून मनात येतं आहे. माझ्या वयाचा मान आहे. कोणी हूं की चूं करणार नाही.

पण हा भुसा मेला स्वस्थ बसू देत नाही. त्याचा कोरडा, गोडसर वास नाकात गेला की मी थेट त्या हिवाळ्यात जाऊन पोचते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि डोणगावच्या मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण म्हणून आले होते. माहेर मेहकरचं, वडील कचेरीत कारकून. आम्ही मध्यप्रांत-वऱ्हाडातली माणसं, आमची राजधानी नागपूर. नागपूरचं वर्तमानपत्र टपालानं मेहकरला यायचं आणि तिथून दुपारच्या मोटारीनं डोणगावला, तेही तिसऱ्या दिवशी. गावात शिळ्या बातमीची तक्रार कधी कोणी केली नाही, कारण ताजी बातमी कशी असते हे कोणी पाहिलंच नव्हतं. दिल्लीत देशाची घटना मंजूर झाली होती आणि जानेवारीच्या अखेरीला ती लागू होणार होती. ‘प्रजासत्ताक’ हा शब्द लोक जपून, नवीन जोडा घालावा तसा वापरून बघत होते.

वाचनालय म्हणजे बापूसाहेब देशमुखांच्या घराला लागून असलेली एक लांबट खोली. गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार तेच, खोली त्यांची, टेबल त्यांचं, कंदील त्यांचा, आणि अर्थातच अध्यक्षही तेच. त्यांचे जोडे करकर वाजायचे. दुरून ती करकर ऐकू आली की खोलीतली माणसं आवाज खाली घ्यायची. वर्तमानपत्रावरची टपालाची कागदी पट्टी बापूसाहेबांनीच फोडायची, पहिलं पान त्यांनीच वाचायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती.

बायकांनी तिथे यायचं नाही, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. एकाही बाईनं तो उंबरा ओलांडला नव्हता, एवढंच. वाचनालयाचे चिटणीस दत्तात्रय मास्तर मुलांच्या शाळेत शिकवायचे. ते जाता जाता आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र माझ्या दाराशी टाकून जायचे. गावाला तिसऱ्या दिवशी कळायचं ते मला चौथ्या दिवशी कळायचं. मला त्याचा राग यायचा. स्वराज्य आलं होतं, मी पगार मिळवत होते, पन्नास पोरींना वाचायला शिकवत होते, आणि मला स्वतःला वाचायला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती.

त्या हिवाळ्यात बापूसाहेबांच्या मनानं एक नवीन गोष्ट घेतली. ते म्हणाले, “देशाले घटना झाली, मंग आपल्या वाचनालयाले काऊन नाई? आन दिल्लीची लागू व्हायच्या आत आपली लागू झाली पाह्यजे. मांगं राह्यलो तं काय इज्जत राह्यली?”

झालं! दिल्लीशी शर्यत लागली. पण दिवस मळणीचे. माणसं सगळी खळ्यावर. ज्वारी सोडून खोलीत येऊन कलमं लिहायला कोणाला फुरसत होती? म्हणून आमच्या वाचनालयाची घटना बापूसाहेबांच्या खळ्यावर तयार झाली. मला त्यात बोलावलं ते माझ्या अक्षरासाठी. “मास्तरीणबाई, तुमचं अक्षर लय सुबक हाय. तुमीच लिवा,” असा खुद्द बापूसाहेबांचा निरोप आला. मी सभासद नाही, होऊ शकत नाही, आणि सभासदांचे नियम मीच लिहायचे, यातली गंमत त्या वेळी माझ्याखेरीज कोणालाच दिसली नाही.

खळं मी शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही. पण ते मला अजून हातानं काढता येईल. शेणानं सारवलेलं गोल अंगण, मधोमध कमरेइतकी उंच रोवलेली मेढ, म्हणजे लाकडाचा खांब, आणि तिला दावणीनं जोडलेले पाच-सहा बैल. ते कणसांवरून गोल गोल फिरायचे. मेढीजवळचा बैल म्हातारा, त्याला थोडंच चालायचं असे. बाहेरच्या कडेचा बैल तरणा, त्याची धाव मोठी. पायाखाली कणसं चुरचुरायची, ऊन हिवाळ्याचं, आणि मागून हाकणाऱ्याचा सुरात ओढलेला आवाज. खळ्यात पायताण घालून कोणी जायचं नाही, तिथे धान्याची लक्ष्मी उतरलेली असते. कडेला पायताणांची रांग लागलेली असायची आणि तिच्यात बापूसाहेबांचे करकरणारे जोडेही मुकाट उभे असायचे. अनवाणी बापूसाहेब मी तिथेच पहिल्यांदा पाहिले. ते मागे येऊन उभे राहिले तरी कळायचं नाही.

त्याच खळ्यावर त्या वर्षी सुपडाजीची ज्वारीही पडली होती. सुपडाजीचं रान बापूसाहेबांच्या बांधाला लागून, पण खळ्यापुरती कठीण जमीन त्यात नव्हती, म्हणून बापूसाहेब आपलं खळं त्याला दर वर्षी वापरू देत. सुपडाजीला अक्षरओळख नव्हती. तरी तो वाचनालयाच्या पाच जणांच्या मंडळात होता, कारण रोज येऊन शेवटच्या ओळीपर्यंत ऐकणारा तोच एक होता. बैलांमागे चालता चालता तो विचारत राहायचा आणि मास्तर वर्तमानपत्रातून वाचून उत्तरं द्यायचे.

“राष्ट्रपती म्हंजे नवा राजाच ना, मास्तर?”

“राजा नव्हे. तो निवडलेला असतो. पाच वर्षांसाठी.”

“मंग सैन्य कोणाचं?”

“नावानं त्याचं.”

“आन कायदे?”

“सभेनं करायचे. त्यानं सही करायची.”

सुपडाजीनं बैल थांबवले. “आन त्यानं सही नाई केली तं?”

मास्तरांनी पान उलटून वाचलं. राष्ट्रपतीला एखादा कायदा पटला नाही तर तो एकदा सभेकडे फेरविचाराला परत पाठवू शकतो. पण सभेनं तो पुन्हा मंजूर केला तर सही रोखून धरता येत नाही.

सुपडाजीनं मेढीकडे बोट दाखवलं. मग हसून म्हणाला, “म्हंजे मेढ हाय थो. समदे बैल त्याले बांधेल हायत, पन फिरून राह्यले बैल. मेढ जाग्यावर. मेढच फिराले लागली तं मळनी कोन करन?”

बापूसाहेब खूष झाले. मेढ हा मानाचा खांब, तिची पूजा करूनच मळणी सुरू होते. ते म्हणाले, “लिवा बाई, लिवा. आपल्याबी घटनेत तेच लिवा. अध्यक्ष ठराव एकडाव वापस पाठवीन, दुसऱ्यांदा आला तं सही करीन. आपुन दिल्लीपेक्षा कमी नाई.”

मी लिहिलं. त्याआधीचं कलमही असंच देशाकडून घेतलं होतं: गावातला एकवीस वर्षांवरचा कोणीही रहिवासी सभासद होऊ शकेल. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाच्या मनात बाई आलीच नाही. माझ्या आली. ते कलम मी एकेक अक्षर जपून लिहिलं आणि ते सुबक आलं, हे मला आजही अभिमानानं सांगावंसं वाटतं.

आमची घटना दिल्लीच्या आधी पंधरवडाभर लागू झाली. गूळ वाटला. चौथ्या दिवशी मी सभासद होण्याचा अर्ज दिला.

गावात जे व्हायचं ते झालं. मंडळातल्या किराणा दुकानदाराची मुलगी माझ्या वर्गात होती, तो माझ्या बाजूनं उभा राहिला. मास्तर उभे राहिले. बापूसाहेबांचे चुलतभाऊ आणि म्हातारे पाटील विरुद्ध. पाचवा सुपडाजी. तो म्हणाला, “मास्तर लय घाईनं वाचतेत. बाई आल्या तं मले ठहरून ठहरून वाचून दाखवतीन.” तीन विरुद्ध दोन. अर्ज मंजूर.

बापूसाहेबांनी तो परत पाठवला. मला बोलावून तोंडावर सांगितलं, मागून काही केलं नाही, हे कबूल करायला हवं. म्हणाले, “बाई, तुमच्यात खोट नाई. पन बायामानसं आली तं मानसं मोकळी बोलनार नाईत. माह्या घरच्या मंडळीनंबी त्या खोलीत कधी पाय ठेवला नाई. मी फेरविचाराले पाठवून राह्यलो. मले अधिकार हाय.”

“अधिकार आहे,” मी म्हणाले. “एकदाच आहे.”

मी लिहिलेलं कलम मीच त्यांना ऐकवत होते. घरी येऊन मी खूप रडले, कारण मला माहीत होतं, कागदावर काहीही असो, दुसऱ्यांदा हात वर करायची छाती कोणाची होणार? खोली त्यांची. खळं त्यांचं. सुपडाजीची ज्वारी त्यांच्या खळ्यात पडलेली, अर्धी मळलेली, आभाळाचा भरवसा नाही. बापूसाहेबांच्या चुलतभावानं त्याला बांधावर गाठून विचारलं म्हणे, “ज्याच्या खळ्यावर उभा हायस, त्याच्याच आडवा जातं का बे?”

दुसरी बैठकही खळ्यावरच झाली. खोलीत झाली असती तर मी घरी बसून निकालाची वाट पाहिली असती. पण खळ्यावर बायकांना कोण अडवणार? तिथलं निम्मं काम बायकाच करत होत्या. मी त्यांच्यात कडेला सूप घेऊन बसले. पाखडायला मला धड येत नव्हतं, शेजारची बाई माझ्याकडे बघून हसत होती, आणि माझं सगळं लक्ष बैलांपलीकडे होतं.

मास्तरांनी ठराव वाचला. त्यांचा हात वर गेला. दुकानदाराचा गेला, पण खांद्याच्या वर नाही. सुपडाजी बैलांच्या पातीमागे उभा होता. त्यानं कासरा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला, पूर्ण वर, आभाळाकडे दाखवावं तसा. चुलतभाऊ काहीतरी पुटपुटले. तेव्हा तो बापूसाहेबांकडे बघून म्हणाला, “खळं तुमचं हाय, बापूसाहेब. हात माहा हाय.”

बैल थांबले होते. बापूसाहेब काय करतील हे कोणालाच माहीत नव्हतं, माझी खात्री आहे की त्यांनाही नव्हतं. ते एका शब्दात सगळं मोडू शकत होते. खोलीला कुलूप लावलं असतं, संपलं असतं वाचनालय. सुपडाजीला कणसं उचल म्हणाले असते, तर त्यानं ती कुठे नेली असती? ते उठले आणि अनवाणी पायांनी कणसांवरून चालत मेढीपाशी गेले. तिच्यावर हात ठेवला. पायात काहीतरी रुतलं असावं, त्यांनी वाकून ते काढलं. मग म्हणाले, “वही आना.”

टेबल नव्हतं. माझ्याच हातातलं सूप कोणीतरी नेलं, पालथं घातलं, त्यावर वही ठेवली. बापूसाहेबांनी सही केली. इतकी दाबून केली की टाकाचं टोक कागदात घुसलं. वही मास्तरांच्या हातात देत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “मले पटलं नाई. पन सही माही हाय.” मग सुपडाजीकडे वळून म्हणाले, “हाक ना बे बैल. आभाळ येऊन राह्यलं, ज्वारी भिजवतं का आता?”

त्या वर्षी सुपडाजीची ज्वारी त्याच खळ्यावर मळून झाली. दुसऱ्या वर्षीही, तिसऱ्या वर्षीही.

सही झाल्यावर पहिली मोटार आली त्या दुपारी मी उंबरा ओलांडला. बापूसाहेब नेहमीच्या जागी होते. पट्टी त्यांनीच फोडली, पहिलं पान त्यांनीच वाचलं, सावकाश वाचलं, मला वाटतं मुद्दामच सावकाश वाचलं. मग पान माझ्याकडे सरकवलं. सुपडाजी भिंतीशी बसला होता. मी ठहरून ठहरून वाचलं. दोन महिन्यांनी बापूसाहेबांच्या घरून निरोप आला, काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाचायला काहीतरी पाठवा. मी स्वतः नेऊन दिलं.

त्यानंतरच्या वर्षांत मी वर्तमानपत्रांतून कितीतरी अध्यक्ष पाहिले. सैन्य पाठीशी घेऊन खुर्चीवर बसलेले, सभागृहांना टाळं लावणारे, मुदत संपली की घटनेतलं ते पानच बदलून घेणारे. दूरदूरच्या देशांतले. प्रत्येक बातमी वाचताना मला आमची मेढ आठवायची. सत्तेला मर्यादा घातली की सत्ता दुबळी होते असं जे म्हणतात, त्यांनी खळं पाहिलेलं नसतं. मेढ अर्धी जमिनीत गाडलेली असते म्हणूनच सहा बैलांची ओढ सोसते. आणि कलम कितीही सुबक अक्षरात लिहिलं, तरी शेवटी कोणीतरी हात वर करावा लागतो आणि कोणीतरी टाक हातात घ्यावा लागतो. हे दोघं असले की लोकशाहीची मला काळजी वाटत नाही. मी दोघांनाही एका दुपारी एकाच खळ्यावर पाहिलं आहे. त्यामुळे माझा विश्वास ऐकीव नाही.

मोठे शब्द झाले. मुद्दा असा, की वही अजून समोरच आहे.

दुपारी मंदा आली. मंदा सुपडाजीची नात, आता वाचनालयाची चिटणीस. काल मंडळात माझ्या विरुद्ध पहिला हात तिनंच वर केला. तिला मी बाराखडी शिकवली आहे. ती ओसरीच्या कडेला बसली, वहीवरचा भुसा पदरानं पुसला आणि म्हणाली, “बाई, राग आला का?”

“आला.”

“मंग?”

“तुझ्या आजोबांचा हात बघितला होतास का गं कधी? वर केलेला?”

“नाई.”

“तुझ्यासारखाच होता,” मी म्हणाले.

मी कपाटातून जुनी वही काढून आणली. त्या हिवाळ्याची. कागद पिवळा पडला आहे, कडा कुरतडल्या आहेत. माझ्या अर्जाच्या ठरावाखाली बापूसाहेबांची सही आहे आणि शेवटच्या फटकाऱ्यापाशी कागदाला बारीक भोक आहे. ते भोक मी कितीदा पाहिलं असेन. तरण्या वयात मला वाटायचं, तो त्यांचा राग. पुढे वाटू लागलं, तो त्यांचा मोठेपणा. आज त्यावरून बोट फिरवलं आणि कळलं, की त्यांना खरंच पटलं नव्हतं. अगदी शेवटपर्यंत पटलं नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी काही केलं नव्हतं, घटनेसाठी केलं होतं, आणि त्यामुळेच त्या उंबऱ्यावर मी कोणाच्या उपकाराखाली कधी राहिले नाही.

“पेन दे,” मी मंदाला म्हणाले. “आणि लिहून घे, मला पटलेलं नाही.”

तिनं समासात लिहिलं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. मी तिच्या ओळीखाली सही केली आणि वाळावी म्हणून थोडं थांबून पान उलटलं. खालच्या कोऱ्या पानावर माझ्या सहीचा खोल वळ उठला होता.